‘कँप’ शब्दाची कुळकथा



कल्याण सोडून घाटाच्या दिशेनें निघालेली लोकल गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं स्थानकें एकामागून एक घेत जाते. या वाटेवरच्या तीन शहरांचीं नांवें तीन निरनिराळ्या खाणींतून निघालेलीं आहेत. अंबरनाथ हें नांव तेथील प्राचीन शिवालयावरून पडलें. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या तेथील शिलालेखांत देवाचें नांव ‘आम्रनाथ’ असें आढळतें. शिलाहार राजांच्या काळांतलें तें संस्कृत नांव लोकांच्या जिभेवर थोडेंसें झिजलें, एवढेंच. बदलापुराविषयीं तेथले लोक सांगतात कीं, पूर्वीं येथें लष्कराचे घोडे बदलले जात. ती कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिच्यांतला ‘बदल’ हा शब्द अरबींतून आलेला आहे. राहिलें उल्हासनगर. तें नांव शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचें. तें सरकारी कागदांवर आहे, स्थानकाच्या पाटीवर आहे. परंतु त्या शहरांतल्या रहिवाशाला ‘आपण कोठें राहतां?’ असें विचारलें, तर उत्तर येतें, ‘कँप नंबर तीन’ किंवा ‘कँप नंबर पांच’.

‘कँप’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यांतला साधा इंग्रजी शब्द. शाळेंतल्या मुलांचा कँप असतो, डोळे तपासण्याचा कँप असतो, डोंगर चढणाऱ्यांचा कँप असतो. या सर्व ठिकाणीं शब्दाच्या पोटांत एकच कल्पना असते : कांहीं दिवस राहावयाचें आणि काम झालें कीं तंबू गुंडाळून घरीं परतावयाचें. मग ज्या वस्तीला पाऊणशेंहून अधिक वर्षें झालीं, जेथें माणसांची तिसरी आणि चौथी पिढी जन्मली, त्या वस्तीला हा दोन दिवसांच्या मुक्कामाचा शब्द इतका घट्ट चिकटून कां राहावा? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं त्या शब्दाचेंच कूळ आज आपण पाहूं.

इंग्रजी ‘कँप’चें मूळ लॅटिन भाषेंतील ‘कांपुस’ या शब्दांत आहे. त्याचा पहिला अर्थ तंबू नव्हे आणि सैन्यही नव्हे. पहिला अर्थ सपाट, मोकळी जमीन, माळ किंवा शेत. रोम शहराबाहेर टायबर नदीच्या वळणांत युद्धदेवता मार्स हिच्या नांवाचें एक विस्तीर्ण मैदान होतें. त्याला ‘कांपुस मार्टियुस’ म्हणत. तेथें तरुण शस्त्रांचा सराव करीत आणि नागरिक मतदानासाठीं जमत. या एका मैदानांतून युरोपच्या भाषांत शब्दांचें मोठें पीक आलें. पॅरिसच्या ‘शाँझेलिझे’ या सुप्रसिद्ध रस्त्याच्या नांवांतला पहिला भाग म्हणजे हेंच शेत. इटलींतील कांपानिया आणि फ्रान्समधील शॅम्पेन हे सपाट मुलूख याच शब्दावरून ओळखले गेले. पुढें शॅम्पेनच्या मद्यानें तें नांव जगभर नेलें. मैदानांत उतरून लढणारा तो ‘चँपियन’. हिवाळा वस्तींत काढून ऋतु पालटतांच सैन्यानें मोकळ्या मुलुखांत उतरावें, ती ‘कँपेन’. इ. स. १७७४ च्या सुमारास अमेरिकेंतील प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या महाविद्यालयाच्या आवाराला मूळ लॅटिन शब्दच लावला, आणि विद्येचें मैदान ‘कँपस’ झालें.

खुद्द ‘कँप’ हा शब्द इंग्रजी भाषेंत दोनदां आला. प्राचीन इंग्रजींत तो होता, पण त्याचा अर्थ होता लढाई. जेथें लढाई होते त्या मैदानाचें नांव लढाईलाच पडलें. जर्मन भाषेंतील ‘काम्फ’ म्हणजे झगडा, तोही याच मुळाचा. हा जुना शब्द काळाच्या ओघांत लोपला. पुढें सोळाव्या शतकांत इटालियन आणि फ्रेंच भाषांच्या वाटेनें तोच शब्द ‘सैन्याचा तळ’ असा नवा अर्थ घेऊन इंग्रजींत पुन्हां दाखल झाला. तेव्हां शेत, मैदान, रणांगण आणि तळ अशा चार पायऱ्या तो चढला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रोमन लोक स्वतः लष्करी तळाला ‘कांपुस’ म्हणत नसत. त्यांचा त्यासाठीं ‘कास्त्रा’ असा वेगळा शब्द होता. रोमन सैन्य ब्रिटनमध्यें सुमारें साडेतीनशें वर्षें राहिलें आणि निघून गेलें. परंतु त्याचे तळ जेथें जेथें होते, तेथें तेथें गांवें वसलीं, आणि ‘कास्त्रा’ हा शब्द त्या गांवांच्या नांवांत कायमचा रुतून बसला. चेस्टर, मँचेस्टर, लँकॅस्टर हीं नांवें त्याचीं. ज्या मँचेस्टरच्या कापडाची होळी आपल्या वाडवडिलांनीं केली, त्या शहराच्या नांवाच्या शेवटीं रोमन शिपायांचा तळ आहे. आज तें नांव उच्चारतांना कोणाच्याही मनांत तंबू येत नाहीं.

आपल्या भाषेकडे वळलें तर येथेंही असेंच दृश्य दिसतें. सैन्य जेथें उतरतें त्या जागेला मराठींत शब्दांची वाण कधींच नव्हती. शिबिर हा संस्कृत शब्द. तळ आणि मुक्काम हे रोजच्या व्यवहारांतले. गोट म्हणजे सरदाराच्या तंबूंचा समूह. ‘आंतल्या गोटांतली बातमी’ असें आपण आज बँकेविषयीं किंवा नाटकमंडळीविषयीं बोलतों, तेव्हां एका मोडून गेलेल्या लष्करी तळाचीच आठवण नकळत काढीत असतों. छावणी या शब्दाचें नातें आच्छादण्याशीं आहे. पावसाळ्यांत फौजेनें शाकारून राहावयाची ती छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन झालें कीं ती उठावयाची. युरोपांतलीं सैन्यें हिवाळ्यानंतर निघत आणि आपलीं पावसाळ्यानंतर, इतकाच त्यांच्या कँपेनमध्यें व आपल्या मोहिमेंत ऋतूचा फरक.

या तळांतून शहरें जन्मलीं तशी एक भाषाही नांवारूपास आली. तुर्की ‘ओर्दू’ म्हणजे छावणी. मोगल बादशहांच्या राजछावणीवरून ‘उर्दू’ हें नांव भाषेला मिळालें. आणि तोच शब्द पश्चिमेकडे जाऊन इंग्रजींत ‘होर्ड’ झाला, म्हणजे झुंड किंवा टोळी. एकाच शब्दानें एका दिशेला काव्याची भाषा दिली आणि दुसऱ्या दिशेला धास्ती. दौलतराव शिंद्यांनीं १८१० सालीं ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं तळ दिला. त्या तळाचेंच पुढें लष्कर नांवाचें शहर झालें.

ग्वाल्हेरचा विषय निघालाच आहे, तर ‘कँप’च्या एका सख्ख्या भावाची ओळख करून घेऊं. हा शब्द इंग्रजींत दोनदां आला, तसा मराठींतही तो दोनदां आला आहे. महादजी शिंद्यांनीं १७८४ सालीं द बॉयन या फिरंगी सेनानीला चाकरींत घेऊन कवायती पायदळाच्या पलटणी उभारल्या. या युरोपीय पद्धतीच्या पलटणींच्या समूहाला ‘कंपू’ म्हणूं लागले. हा शब्द पोर्तुगीज ‘कांपो’वरून आला असें शब्दशास्त्रज्ञ मानतात; म्हणजे इंग्रजांचा ‘कँप’ येथें रुळण्यापूर्वींच लॅटिन शेताचा एक अंकुर पोर्तुगीजांच्या मार्फत मराठेशाहींत रुजला होता. ग्वाल्हेरला कंपू नांवाचा भाग आजही आहे. मराठींत मात्र पलटणी गेल्या, कवायत गेली आणि शब्द मागें राहिला. साहित्य संमेलनांत चार माणसें एकमेकांना धरून राहिलीं म्हणजे आपण म्हणतों, ‘त्यांचा कंपू आहे.’ शब्द किती निमूटपणें घर बदलतात, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचित् सांपडेल.

इंग्रजांचा ‘कँप’ महाराष्ट्रांत रुजला तो १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर. पुण्याच्या पेठांच्या पूर्वेस इंग्रजी फौजेनें कायमचा तळ दिला. मराठी लोक त्याला लष्कर म्हणूं लागले आणि इंग्रजी बोलणारे कँप. पुढें तेथें बाजार वसला, पारशी, इराणी, बोहरी, ख्रिस्ती कुटुंबें आलीं, बेकऱ्या निघाल्या, आणि ‘कँपांत जाऊन येतों’ या वाक्यांतून शिपाई नाहींसा झाला. नाशिकजवळच्या देवळालीची गोष्ट उलट्या दिशेची आहे. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहात तेथल्या कँपांत रिकामे बसत. त्या कंटाळ्यानें आणि उन्हानें कित्येकांचीं डोकीं फिरत. त्यावरून वेड लागलेल्या माणसाला इंग्रज शिपाई ‘डूलॅली टॅप’ झाला असें म्हणूं लागले. ‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आज इंग्रजी शब्दकोशांत ‘डूलॅली’ हा शब्द आहे, आणि तो वापरणाऱ्या बहुतेक इंग्रजांना तें महाराष्ट्रांतल्या एका गांवाचें नांव आहे याची दादही नाहीं.

विसाव्या शतकानें मात्र या शब्दाला काळोखी फासली. दक्षिण आफ्रिकेंत १९०० ते १९०२ या काळांत बोअर स्त्रिया व मुलें इंग्रजांच्या छळछावण्यांत डांबलीं गेलीं आणि हजारों मेलीं. तेथल्या कृष्णवर्णीयांसाठींही तशाच छावण्या होत्या. त्यानंतर नाझी जर्मनीनें कँप या शब्दाचें जें केलें, तें सर्वांस ठाऊक आहे. त्याच महायुद्धांत आपल्या कोल्हापुराजवळच्या वळिवड्यास मात्र एक निराळा कँप उभा राहिला. रशियानें सैबेरियांत हद्दपार केलेले सुमारें पांच हजार पोलिश लोक, त्यांतही मुख्यतः स्त्रिया आणि मुलें, १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथें राहिले. एकाच युद्धांत एकाच शब्दाचे हे दोन अर्थ : एक कँप माणसांना मारण्यासाठीं आणि एक कँप मरणांतून वांचलेल्यांना सांवरण्यासाठीं. पोलिश निघून गेल्यावर त्या जागीं सिंधी निर्वासित आले आणि वळिवड्याच्या कँपांतून आजचें गांधीनगर झालें.

आतां आपण उल्हासनगरच्या वेशीपाशीं आलों. दुसऱ्या महायुद्धांत मुंबई बंदराच्या जवळ आणि कल्याणसारख्या मोठ्या जंक्शनच्या पलीकडे ब्रिटिश लष्करानें सैनिकांच्या ये-जा करणाऱ्या तुकड्यांसाठीं एक विस्तीर्ण तळ उभारला. त्यांत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. लांबच लांब भिंती, मध्यें मोठें दालन, दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांची रचना. त्याचें नांव कल्याण कँप. युद्ध संपलें, शिपाई गेले आणि बराकी ओस पडल्या.

त्यानंतर १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. त्यामुळें तेथल्या निर्वासितांना निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत तरी उरला. सिंध मात्र सबंधच्या सबंध पाकिस्तानांत गेला. सिंधी हिंदूंना हिंदुस्थानांत ‘आपला’ म्हणावा असा जिल्हाच काय, तालुकाही नव्हता. कराचींत ६ जानेवारी १९४८ रोजीं दंगल उसळली आणि उरलेल्यांचाही धीर सुटला. कुटुंबेंच्या कुटुंबें बोटींनीं मुंबईस आलीं. येथें इतिहासाची एक विलक्षण खूण आढळते. १९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे अवघ्या अकरा वर्षांपूर्वीं जे आपल्याच इलाख्यांतले रहिवासी होते, ते त्याच इलाख्याच्या राजधानींत निर्वासित म्हणून उतरले.

सरकारनें त्यांना कल्याण, पिंपरी, चेंबूर, मुलुंड अशा ठिकाणच्या कँपांत धाडलें. त्यांपैकीं कल्याणचा कँप सर्वांत मोठा. तेथें आलेल्यांची संख्या लाखाच्या घरांत गेली. शिपायांसाठीं बांधलेल्या एकेका दालनांत अनेक कुटुंबें राहूं लागलीं. दोन बिऱ्हाडांमध्यें भिंत म्हणून गोणपाट किंवा चादर टांगलेली असे. हैदराबादेंत वा शिकारपुरांत ज्यांचे वाडे होते, ते शिध्यासाठीं रांगेंत उभे राहिले. लष्करानें आपल्या सोयीसाठीं तळाचे भाग पाडून त्यांना आंकडे दिले होते. त्याच आंकड्यांवर आतां माणसांचे पत्ते लिहिले जाऊं लागले : कँप नंबर एक, दोन, तीन, चार, पांच.

या लोकांना म्हणावयाचें काय, हाही एक प्रश्नच होता. मराठींत शब्द रूढ झाला ‘निर्वासित’, म्हणजे ज्याचें वसतिस्थान काढून घेतलें आहे तो. हिंदींत शब्द होता ‘शरणार्थी’, म्हणजे आश्रय मागणारा. पुष्कळांना हा शब्द झोंबला. ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी आहोंत,’ असें ते म्हणत. आपल्या कपाळीं कोणता शब्द लिहिला जातो याची चिंता घरदार गमावलेल्या माणसालाही असते. कदाचित् त्यालाच अधिक असते.

ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ति राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली आणि कल्याण कँपचें उल्हासनगर झालें. नांव सुंदर होतें. नदीचें होतें, आणि हर्षाचेंही होतें. पण जीभ कोनशिलेचें ऐकत नाहीं. पुढें १९५४ सालीं निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि बराकींतील जागा रहिवाशांच्या मालकीच्या होऊं लागल्या. त्या मालकीच्या कागदाला तेथें ‘सनद’ म्हणतात, म्हणजे राजेरजवाड्यांच्या दफ्तरांतला जुनाच शब्द. ज्याच्या हातीं सनद आली, त्याचें घर कायद्यानें कँपांतलें राहिलें नव्हतें; तरीही तो पत्ता सांगतांना कँपच म्हणत राहिला. १९७२ सालीं टपालखात्यानें पिन क्रमांक सुरूं केले, तेव्हां उल्हासनगरला ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंतचे क्रमांक मिळाले. एक ते पांच हे आंकडे असे टपालाच्या शिक्क्यावरही कायम झाले.

दरम्यान त्या बराकींच्या जागीं माळ्यांवर माळे चढले. कापडाचे, फर्निचरचे, तयार कपड्यांचे बाजार उभे राहिले. येथल्या मालावर ‘यू.एस.ए.’ असा छाप असे आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ होता, हा विनोद सबंध मुंबईनें हंसून सांगितला आहे. पण त्या विनोदांत एका जमातीच्या खटपटीला दिलेली दादही आहे. कँप नंबर पांचमधल्या चालिया मंदिरांत सिंधमधून आणलेली ज्योत तेवत ठेवलेली आहे. चार दिवसांच्या मुक्कामाला कोणी अखंड ज्योत घेऊन येत नाहीं.

परंतु या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावांचून ती पुरी होणार नाहीं. ‘कांपुस’ म्हणजे शेत, हें आपण आरंभीं पाहिलें. कल्याण आणि अंबरनाथ यांमधला हा मुलूखही कांहीं निर्जन नव्हता. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या आसपास गांवें होतीं आणि गांवांची जमीन होती. युद्धाची निकड सांगून लष्करानें या पट्ट्यांत मोठाल्या जमिनी ताब्यांत घेतल्या. जवळच नेवाळी येथें महायुद्धाच्या काळांत विमानांच्या धांवपट्टीसाठीं अशीच शेतजमीन घेण्यांत आली होती. ती परत मिळावी ही तेथल्या शेतकऱ्यांची मागणी पुढें पिढ्यान् पिढ्या चालत राहिली, आणि जून २०१७ मध्यें त्या आंदोलनाला हिंसक वळण लागलें. म्हणजे ज्या महायुद्धाचा तह होऊन सत्तर वर्षें लोटलीं होतीं, तें या शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर संपलेलेंच नव्हतें. कँप हा शब्द ज्या ज्या ठिकाणीं रोंवला जातो, त्या त्या ठिकाणीं त्याच्या खालीं कोणाचें तरी शेत असतें. व्युत्पत्ति जें सांगते, तें येथें जमिनीच्या दप्तरांतही लिहिलेलें आहे. एकाचें घर सिंधु नदीच्या कांठीं सुटलें, दुसऱ्याचें शेत उल्हास नदीच्या खोऱ्यांत गेलें. दोघांपैकीं कोणीही हें युद्ध किंवा ही फाळणी मागितली नव्हती. या दोघांना एकमेकांचे शेजारी केलें तें एका लष्करी गरजेनें आणि एका राजकीय करारानें. त्या दोघांची दुःखें एकमेकांच्या विरुद्ध उभीं करणें सोपें आहे. त्यांचें मूळ एका जागीं पाहणें अधिक न्यायाचें आहे.

शब्दांच्या अभ्यासकाला एक मोह नेहमीं होत असतो. मूळ सांपडलें कीं अर्थ सांपडला असें त्याला वाटतें. वास्तविक व्युत्पत्ति ही शब्दाचें जन्मस्थान सांगते, त्याचा निवाडा करीत नाहीं. मँचेस्टरच्या माणसाला ‘तुम्ही रोमन तळावर किती दिवस राहणार?’ असें कोणी विचारीत नाहीं. ग्वाल्हेरच्या लष्करांत राहणाऱ्याला कोणी शिपाई समजत नाहीं. पुण्याच्या कँपांतल्या बेकरीवाल्याला कोणी परका म्हणत नाहीं. मग उल्हासनगरच्या ‘कँप’ शब्दांत अजूनही ‘बाहेरून आलेले’ ही छटा कधीं कधीं कां ऐकूं येते? शब्द तर तोच आहे. फरक पडतो तो ऐकणाऱ्याच्या कानांत.

तेथल्या रहिवाशांनीं मात्र हा प्रश्न आपल्या परीनें केव्हांच सोडविला आहे. त्यांनीं तो शब्द टाकला नाहीं आणि लपविलाही नाहीं. त्याला घराचा पत्ता करून टाकला. आतां उरलें तें आपणां शेजाऱ्यांचें काम. यापुढें कोणी ‘मी कँप नंबर चारचा’ असें म्हणाला, तर त्याच्या बोलण्यांत आपण तंबू ऐकूं नये, एका गांवाचें नांव ऐकावें. आणि त्या गांवाखालीं जें शेत होतें, त्याचाही विसर पडूं देऊं नये.